ढलप्या गोळा करण्यापासून सुरुवात करू: लोअर मेनलँडच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळांचे आणि मराठी शाळांचे पदाधिकारी,
व्हँकुव्हर, बर्नबी, सरे आणि परिसर, ब्रिटिश कोलंबिया

सप्रेम नमस्कार.

मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत गणेशोत्सव, कोजागिरी आणि दिवाळी पहाट यांच्या जोडीला आता ‘इथल्या मूळ रहिवाशांची ओळख’ असाही एक रकाना दिसू लागला आहे. चांगली गोष्ट आहे. हे पत्र आहे ते त्या रकान्याखाली काय लिहिले जाते याबद्दल. ‘सीडरचा खांब कोरण्याचा अनुभव, शनिवारी १० ते १, सहकुटुंब, चहा-नाश्त्यासह’ असा बेत ठरतो आणि मग एखाद्या कारागिराला फोन जातो, की आमचे शंभरेक सभासद येऊन थोडे थोडे कोरतील, चालेल ना? हा खांब म्हणजे मूळ रहिवाशांचा, सीडर झाडाच्या ओंडक्यातून कोरलेला टोटेम पोल. आमची विनंती अशी, की हा कार्यक्रम या स्वरूपात करू नका. खांबाच्या कामात बाहेरच्या माणसांना करण्यासारखे पुष्कळ असते. त्यातले बहुतेक काम मात्र कोरण्याचे नसते आणि ते तीन तासांत उरकत नाही.

आधी साधा हिशोब मांडू. ओंडका १० मीटर लांब आणि १ मीटर जाड धरा. वाकस (लाकूड तासायचे हत्यार) चालवणाऱ्या दोन माणसांत निदान २ मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे एका बाजूला फार तर पाच जण उभे राहतील. शिकवणारे दोघे असतील तर एका वेळी चारच नवख्यांवर त्यांचे नीट लक्ष राहते. शंभर जणांना चाराचाराच्या गटाने दहा-दहा मिनिटे दिली तरी चार तासांच्या वर जातात. दहा मिनिटांत वाकस हातात बसत नाही, फक्त फोटो निघतो. त्या शंभर जणांनी पाडलेले घाव सारखे करायला कारागिराला पुढे किती दिवस लागतील, हे त्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसते. मातीच्या मूर्तीत चुकले तर माती पुन्हा लावता येते. लाकडातून निघालेला तुकडा परत बसत नाही. डोळ्याच्या खोबणीची कड अर्ध्या बोटाने आत गेली, तर तो डोळा जुळवण्यासाठी दुसरा डोळा, मग भुवई, मग आख्खा चेहरा तेवढाच आत घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न खांब कोणाचा हा. उत्तरेकडच्या हायडा, त्सिमशियन, निस्गा, गित्क्सान या लोकांत आणि दक्षिणेला क्वाक्वाकवक्व लोकांत खांबावरच्या आकृती ही कुळांची किंवा घराण्यांची मालमत्ता असते. रेव्हन (डोमकावळा), गरुड, अस्वल, किलर व्हेल यांपैकी कोणते चिन्ह कोणत्या गोष्टीसह कोणी लावायचे, याचे हक्क वारशाने येतात आणि ते भर मेजवानीत, लोकांसमोर जाहीर केले जातात. त्यामुळे ‘खाली एक छोटासा गणपती बसवता येईल का’ ही विचारणा कितीही प्रेमाने केली तरी ती दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवायला सांगण्यासारखी आहे. हत्ती, कमळ, मंडळाचे बोधचिन्ह, प्रायोजकांची नावे, यांतले काहीही सुचवू नये. सर्वांत खालची आकृती सर्वांत हलकी असा एक समजही आपल्या मंडळींत इंग्रजीतून आला आहे. तोही सोडून द्यावा. खालची आकृती पाहणाऱ्याच्या नजरेसमोर असते, त्यामुळे पुष्कळदा मुख्य कारागीर ती स्वतःकडे ठेवतो.

आपण जिथे राहतो तिथली गोष्ट आणखी वेगळी आहे. व्हँकुव्हर ही मस्क्वियम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाटुथ यांची भूमी, तर सरेच्या बाजूला कॅट्झी, क्वांटलेन आणि सेमियामू. हे सगळे कोस्ट सेलिश लोक. त्यांची परंपरा मोठ्या घराचे आतले कोरीव खांब आणि पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या केलेल्या मानवाकृती यांची आहे. स्टॅन्ली पार्कात ब्रॉक्टन पॉइंटला पाहुण्यांना घेऊन जाऊन आपण दाखवतो ते उंच खांब बहुतांशी क्वाक्वाकवक्व आणि त्याहून उत्तरेकडच्या लोकांच्या शैलीतले आहेत. ती जमीन ज्यांची, त्यांचे काम तिथे ठळकपणे आले ते २००८ साली, मस्क्वियम कलाकार सुझन पॉइंट यांनी केलेल्या तीन प्रवेशद्वारांच्या रूपाने. तेव्हा एखादा हायडा कारागीर सरेमध्ये खांब करत असेल, तर दोन परवानग्यांचा विचार करावा लागतो. एक ज्यांच्या भूमीवर काम चालले आहे त्यांची आणि दुसरी कारागिराची, त्याच्या घराण्यासह. मंडळे बहुधा फक्त दुसऱ्यालाच फोन करतात.

कॅनडाच्या सरकारने १८८४ साली कायदा करून पॉटलॅच या समारंभावर बंदी घातली. खांब उभा करणे, नावे देणे, हक्क जाहीर करणे, पाहुण्यांना भेटी देणे हे सगळे याच समारंभात होत असे, म्हणून बंदीचा घाव थेट खांबांवर बसला. ती बंदी कायद्यातून गेली १९५१ साली. १९२१ च्या एका पॉटलॅचवर कारवाई होऊन मुखवटे आणि तांब्याच्या ढाली जप्त झाल्या. त्यांतल्या परत मिळालेल्या वस्तूंसाठी अलर्ट बे इथे १९८० मध्ये उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उघडले. हायडा लोकांच्या हायडा ग्वाई बेटांवरच्या ओल्ड मॅसेट गावात १९६९ साली रॉबर्ट डेव्हिडसन यांनी कोरलेला खांब उभा राहिला, तेव्हा तिथे जवळजवळ शतकभरात नवा खांब उभा राहिलेला नव्हता. मधल्या पिढ्यांत दोर कसे बांधायचे, कोणते गाणे कधी म्हणायचे, हे म्हाताऱ्यांच्या आठवणींवर तगून राहिले. म्हणून आज कोरीवकामाच्या शेडमध्ये मोकळी जागा असेल तर ती आधी त्यांच्या शिकाऊ पोरांची. आपल्या सभासदांना अर्धा तास वाकस मिळावा यासाठी एखादा शिकाऊ मुलगा बाजूला उभा राहत असेल, तर आपण मदत करत नसून अडवणूक करत आहोत.

आता लाकडाबद्दल, कारण मदत कुठे करता येते हे लाकूडच ठरवते.

वेस्टर्न रेड सीडर हा आपल्या हिमालयातला देवदार नव्हे, त्याचे कूळ सायप्रसचे. लाकूड हलके, मऊ, सरळ रेषांचे, आणि आतल्या लालसर भागात कीड व बुरशीला दाद न देणारे. सालीखालचा पांढरट थर मात्र लवकर कुजतो, म्हणून तो पूर्ण काढतात. वर धरलेला १० मीटरचा ओंडका जवळजवळ ८ घनमीटर भरतो आणि ओला असताना त्याचे वजन साडेतीन ते चार टनांच्या घरात जाते. हा आकडा लक्षात ठेवा. ‘आपली पोरं जोर लावून फिरवतील’ असे शेडमध्ये कोणी म्हणू नये. ओंडका फिरवायचा तो कप्प्या, पट्टे आणि आकड्याचे दांडे वापरून, एकाच माणसाच्या आज्ञेवर, आणि घोडीवर दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकेपर्यंत कोणी त्याच्या उताराकडे उभे राहायचे नाही.

लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आटत नाही. रेड सीडर पूर्ण ओल्या स्थितीपासून पूर्ण कोरड्या स्थितीपर्यंत परिघाच्या दिशेने साधारण ५ टक्के आटते आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने निम्मेच, सुमारे २.४ टक्के. परीघ जास्त आखडतो, आतला भाग तेवढा आखडत नाही, म्हणून अखंड गोल ओंडका कुठेतरी तडकतोच. ती भेग पुढच्या बाजूला, चेहऱ्याच्या मधोमध आली तर काम गेले. म्हणून अनेक उंच खांबांची मागची बाजू सपाट करून आतून पोखरतात, खास करून हायडा पद्धतीत. गाभा निघून गेला की राहिलेले कमानदार लाकूड वाळताना थोडे उघडमीट करू शकते, ताण निघून जातो आणि वजनही निम्म्याच्या आसपास उतरते. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेणाचा लेप देतात तोही याचसाठी, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने उडते. उन्हात ताडपत्रीविना पडलेला ओंडका एका कोरड्या आठवड्यात टोकाकडून फुटू लागतो. ताडपत्री पाहणे, वाऱ्याने उडाली तर परत बांधणे, हे रोजचे काम आहे, आणि ते कोणीही करू शकते.

कामाचा क्रम थोडक्यात असा. साल काढतात. पांढरा थर तासतात. मग दोन्ही टोकांवर ओळंब्याने मध्य काढून रंगीत दोरी ताणतात आणि ओंडक्याच्या लांबीभर मध्यरेषा मारतात. पुढचे प्रत्येक माप या रेषेपासून घ्यायचे असते, म्हणून ती पुसली जाणार नाही याची काळजी सगळ्यांनी घ्यायची. कागदावर पूर्ण मापाचे चित्र काढून एका बाजूचा साचा कापतात आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावतात. मग चेनसॉने ठरलेल्या खोलीपर्यंत शेजारी शेजारी काप घेतात आणि मधले लाकूड ठोकून उडवतात. त्यानंतर वाकस, त्यानंतर पटाशी आणि गोल पटाशी, आणि अगदी शेवटी सरळ व वाकडी सुरी. १० मीटरच्या खांबाला एक मुख्य कारागीर आणि दोन-तीन शिकाऊ यांना कित्येक महिने लागतात.

यात बाहेरच्यांना जागा कुठे? पहिली, साल काढण्यात. ताज्या ओंडक्याची साल वसंताच्या शेवटी, झाडात रस चढलेला असताना पाडला असेल तर लांब पट्ट्यांनी निघते. हिवाळ्यात पाडलेल्याची तुकड्यातुकड्याने खरवडावी लागते. आतली साल विणकामाला लागते, तिचे पट्टे तुडवू नयेत आणि चुरगाळू नयेत. ते कोणाकडे जायचे हे आधीच ठरलेले असते. दुसरी जागा, आणि आमच्या मते नवख्यांसाठी सर्वांत चांगली, खांबाची पाठ. चेनसॉचे आडवे काप घेऊन झाल्यावर मधले ठोकळे पाचर आणि जड लाकडी हातोड्याने उडवायचे असतात. भिंतीला टेकणारी किंवा झाकली जाणारी ही बाजू, त्यामुळे घाव वाकडा गेला तरी बिघडत नाही. बिघडते ते एकाच ठिकाणी. पुढून डोळ्याची किंवा तोंडाची खोबण खोल गेलेली असेल तिथे मागून हौसेने पोखरत गेलो तर आरपार भोक पडते. म्हणून कारागीर पाठीवर खडूने ‘इथे थांबा’ अशा खुणा करतो. खुणेच्या आत जायचे नाही, आणि खूण पुसली गेली तर अंदाजाने काम सुरू न ठेवता विचारायचे.

तिसरे काम ढलप्यांचे. दिवसभराच्या वाकसाखाली घोट्यापर्यंत ढीग साचतो. ढलप्या पायाखाली घसरतात, आणि हातात धारदार हत्यार असताना घसरणे म्हणजे टाके पडणे. दर अर्ध्या तासाने त्या ओढून नेणारे दोघे असतील तर कोरणाऱ्यांचा वेग थेट वाढतो. ढलप्या कुठे जायच्या हे कारागीर सांगतात, कारण काही ठिकाणी त्या जपून ठेवतात, काही ठिकाणी विधीने जाळतात. वास छान येतो म्हणून धुपासाठी पिशवी भरून घरी नेऊ नये. आणि हे कामही सोपे वाटले तरी त्याचे एक ज्ञान आहे. ओल्या आणि कोरड्या ढलप्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, गाठींचे तुकडे बाजूला काढावे लागतात, आणि भुसा झाडताना तो हवेत उडवायचा नसतो.

भुशाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण मंडळांच्या सूचनापत्रात याचा उल्लेख कधीच नसतो. रेड सीडरच्या लाकडात प्लिकॅटिक आम्ल असते आणि त्याच्या बारीक धुळीने दमा होतो. या आजाराची नोंद याच प्रांतातल्या आरागिरणी कामगारांत दीर्घकाळ झाली आहे. तो लगेच होत नाही. आठवडे, महिने, कधी वर्षे धूळ श्वासात गेल्यावर शरीर संवेदनशील होते आणि मग थोडी धूळही पुरते. खोकला आणि धाप पुष्कळदा संध्याकाळी किंवा रात्री, घरी गेल्यावर सुरू होते, त्यामुळे लोकांना संबंध कळत नाही. वाकसाच्या मोठ्या ढलप्यांपेक्षा चेनसॉचा आणि पॉलिशकागदाचा बारीक भुसा जास्त वाईट. पॉलिशकागदाची तर बहुतेक कारागिरांना गरजही नसते. धारेचा घाव उमटलेला पृष्ठभाग हेच त्यांचे काम असते आणि घासल्याने ते मरते. दमा असलेल्या मुलांना शेडमध्ये नेऊ नये. बाकीच्यांनी एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क वापरावा. दाढीवर तो नीट बसत नाही, हेही लक्षात असू द्या. शेड झाडताना आधी पाणी शिंपडावे.

हत्यारांबद्दल. आपल्या सुताराचा वाकस पाहिलेल्याला इथला कोपरवाकस ओळखीचा वाटेल. फांदीच्या नैसर्गिक कोनातून काढलेला दांडा आणि त्याला आडवे बांधलेले पाते. दुसरा असतो तो डी अक्षराच्या आकाराच्या मुठीचा, जवळून, ओंजळीच्या जोरावर चालवायचा. दोन्हींचा घाव उथळ असतो आणि ओळीने पडतो, आधीच्या घावाच्या कडेवर पुढचा. जोर पात्याच्या वजनाचा, खांद्याचा नाही. नवखा माणूस जोराने मारतो, पाते रुतते, तो उपटायला जातो आणि लांब फाळका उठतो. लाकूड मऊ म्हणजे बोथट पाते चालेल हा समज नेमका उलटा आहे. मऊ लाकडाचे रेषे बोथट धारेखाली कापले न जाता चेपतात आणि पृष्ठभाग केसाळ होतो. म्हणून शेडमध्ये दर थोड्या वेळाने धार लावणे चालूच असते. ज्यांच्या हाताला पाणदगडाची सवय आहे असे मंडळातले एक-दोन सभासद या एका कामासाठी सोन्याच्या मोलाचे आहेत. पण कारागिराच्या पात्याचा कोन त्याने स्वतः ठरवलेला असतो, तो बदलायचा नाही.

रेषांची दिशा पाहायला शिकल्याशिवाय पुढच्या बाजूला हात लावू नये. उंचवट्यावरून खोलगटाकडे, दोन्ही बाजूंनी उतरत यायचे आणि तळाशी मिळायचे. खोलगटातून वर चढत गेलो की पाते रेषांच्या पोटात शिरते. गाठीभोवती रेषा वळतात, तिथे दिशा हातभर अंतरात दोनदा बदलते. वाकडी सुरी स्वतःकडे ओढत चालवतात, तळहात वर. ती पाहुण्यांच्या हातात देण्याची वस्तूच नाही. आणि कोपरवाकसाच्या मार्गात नडगी येते, म्हणून उभे राहण्याची जागा आधी कोणाकडून तरी दाखवून घ्यावी.

रंगकामाचेही असेच. ‘मुलांना निदान रंग तरी लावू द्या’ हे वाक्य ऐकून ऐकून कारागीर कंटाळले असतील. उत्तरेकडच्या शैलीत मुख्य रेषा काळी, तिच्या आतली दुय्यम लाल, आणि काही भागांत निळसर हिरवा असा ठरलेला क्रम आहे. रेषेची जाडी कुठे फुगते आणि कुठे निमुळती होते यावर सगळी आकृती उभी असते. रेष जरा फेंगडी झाली की ओव्हॉइड, म्हणजे गोलसर कोपऱ्यांचा लांबट आकार, बटाट्यासारखा दिसतो. पूर्वी रंगद्रव्ये सामन माशाच्या अंड्यांत खलत असत, आता बहुधा बाजारातले रंग वापरतात, पण रेषा तीच.

बाहेरच्या शेकडो हातांना खरोखर सामावून घेणारे काम कसे असते, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मेन मॉलवर १ एप्रिल २०१७ रोजी उभा राहिलेला समेटाचा खांब. हायडा मुख्य कारागीर जेम्स हार्ट यांचे काम, सुमारे ८०० वर्षे वयाच्या रेड सीडरमधून, ५५ फूट उंच. त्यातल्या निवासी शाळेच्या भागावर ६८,००० हून अधिक तांब्याचे खिळे आहेत. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या शाळांत ठेवले जाई, त्या शाळांत दगावलेल्या मुलांसाठी. ते खिळे ठोकणाऱ्यांत शाळांतून जिवंत परतलेले लोक, त्यांची कुटुंबे, शाळकरी मुले असे कितीतरी जण होते. इथे कारागिराने आधीच असे काम आखले होते, की कोरण्याचे कसब नसलेल्या हाताचीही तिथे गरज पडावी, आणि कोण ठोकणार हे त्या कामाच्या अर्थातूनच ठरावे. मंडळाने असे काम ‘द्या’ म्हणून मागू नये. कारागिराने काढले आणि बोलावले, तर जावे.

उभारणीच्या दिवशी मात्र माणसे लागतात, तीही भरपूर. क्रेनने उभारायचे असेल तर आपण फक्त पाहुणे. दोरांनी उभारायचे असेल तर पुढे ओढणारे दोर, मागे रोखणारे दोर आणि दोन्ही बाजूंचे तोल सांभाळणारे दोर अशी मांडणी असते. बुंधा खड्ड्याच्या तोंडाशी, डोके टेकूंवर. सर्वांत जास्त ओढ सुरुवातीला लागते, खांब आडवा असताना. जसजसा तो वर येतो तसतशी ओढ हलकी होते, आणि शेवटच्या टप्प्यात तो स्वतःच्याच वजनाने पलीकडे जाऊ पाहतो. त्या क्षणी कामाचे असतात ते मागचे दोर. आपले तगडे गडी नेहमी पुढच्या दोराला धावतात. मागच्या दोराला शांत डोक्याची, आज्ञा पाळणारी माणसे द्या. खांब १० मीटरचा असेल तर ओढणाऱ्या पहिल्या माणसाने खड्ड्यापासून निदान १५ मीटर लांब उभे राहावे. एका दोरावर मीटरभर अंतराने २५ जण धरले तर दोर त्या हिशोबाने पुरेसा लांब हवा. दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. जत्रेतला रथ ओढताना आपण झटके देतो, तसे इथे चालत नाही. एकसारखी ओढ, आणि ‘थांबा’ म्हटले की तिथल्या तिथे थांबायचे, दोर सोडायचा नाही.

यासाठीच ढोल-ताशा पथक आणू नका. आज्ञा देणाऱ्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, आणि त्या वेळची गाणी त्या घराण्याची असतात. कोणी आग्रहाने बोलावले तर गोष्ट वेगळी. तसेच ओंडक्याला हळदकुंकू लावू नये, हार घालू नये, समोर नारळ फोडू नये. भाव चांगला असला तरी ओल्या सीडरवर हळदीचा डाग आत मुरतो. ओंडक्यावर बसू नये, त्याला टेकू नये, तो ओलांडू नये. हे शेवटचे आपल्याला वेगळे शिकवायला लागू नये.

मेजवानीत पाहुणा हा साक्षीदार असतो. काय जाहीर झाले, कोणाला कोणते नाव मिळाले, हे लक्षात ठेवणे आणि पुढे विचारल्यास सांगणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी यजमान त्याला भेट देतात. कोस्ट सेलिश समारंभात साक्षीदार म्हणून नाव पुकारले गेले तर हातात नाणी ठेवतात. ‘अहो नको, कशाला’ असे आपल्या सवयीने म्हणू नये. ती परत करणे म्हणजे साक्ष नाकारणे होते. साक्षीदार व्हायचे असेल तर मधूनच उठून निघता येत नाही, आणि समारंभ लांबतो. मुले, म्हातारे, गाडीचे पार्किंग, सगळा विचार त्या हिशोबाने करावा. स्वयंपाकात मदत करायची असेल तर तिथल्या स्वयंपाकघराच्या प्रमुखाला आधी विचारावे. फूडसेफ लेव्हल १ प्रमाणपत्र असलेले सभासद पुढे करावेत, भांडी घासायला तर जरूर जावे. दोनशे जणांची मिसळ घेऊन अचानक दारात उभे राहू नये.

मराठी शाळांसाठी एक वेगळी ओळ. टिश्यूपेपरच्या नळ्यांना डोळे-चोची चिकटवून ‘टोटेम’ बनवण्याचा हस्तकलेचा तास बंद करावा. ज्या आकृतींचे हक्क असतात हे आपण वर मान्य केले, त्यांचेच ते खेळणे आहे. त्याऐवजी मुलांना लाकूड दाखवा: सीडरचा एक आडवा काप, त्यावर वाढीची वर्तुळे, पांढरा थर कुठे संपतो, भेग कशी गेली आहे. ३० सप्टेंबरला शाळेत नारिंगी शर्ट घालून जाणाऱ्या मुलाला त्या शर्टामागचे निवासी शाळांचे प्रकरण घरच्या भाषेत सांगता आले पाहिजे. जून २०२१ मध्ये बदललेल्या नागरिकत्वाच्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांचे हक्क मान्य करण्याचे शब्द आहेत. त्यानंतर शपथ घेतलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाने ते म्हटले आहेत, त्यांचा अर्थ वर्गात बोलायला काही हरकत नाही.

पैशांबद्दल आडपडदा नको. मंडळाकडे देणगी असेल तर ती ओंडका, वाहतूक, शिकाऊंचे मानधन, विमा, दोर, मेजवानी आणि भेटवस्तू यांच्यावर जावी, आणि कशावर ते यजमानांनी ठरवावे. फलकाची अट घालू नये. देखभालीसाठी दरवर्षी रंग देऊ असेही परस्पर जाहीर करू नये. खांब जमिनीलगत कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच एकत्र मिळतात. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी त्याला मागून पोलादी आधार देऊन बुंधा काँक्रीटपासून उचलून ठेवतात. साधे लोखंड सीडरमधल्या द्रव्यांशी मिळून निळे-काळे डाग पाडते, म्हणून बोल्ट गंज न धरणारे लागतात. पण काही घराणी खांब कुजू देतात, पडू देतात, हाच त्याचा योग्य शेवट मानतात. हायडा ग्वाईतल्या स्गांग ग्वाईचे जुने खांब, १९८१ पासून जागतिक वारसा यादीत असूनही, हळूहळू जमिनीकडेच चालले आहेत. दुरुस्तीचा निर्णय आपल्या कार्यकारिणीचा नाही.

तर आमची मागणी अशी. शंभर जणांचा एक शनिवार रद्द करा आणि आठ-दहा सभासदांची एकच तुकडी पूर्ण हंगामासाठी द्या, महिन्यातून दोन शनिवार, तीच माणसे. दर वेळी नवे चेहरे आले की कारागिराला पहिला तास सूचनांतच घालवावा लागतो. तुकडीत एक जण धारेचा, एक जण प्रथमोपचार जाणणारा, एक जण ट्रक चालवणारा असावा. फोटो विचारून, आणि चित्र पूर्ण होण्याआधीचे फोटो समाजमाध्यमांवर नाहीत. उभारणीच्या दिवशी बाकीच्या सभासदांनी दोराला यावे, तेही बोलावणे आले तर.

आणि बोलावणे मागण्याची पद्धत. आधी ज्यांची भूमी त्यांच्या सांस्कृतिक विभागाला एक छोटे पत्र लिहावे. त्यात आपण कोण, किती माणसे, किती महिने, कोणती कामे करू शकतो एवढेच असावे. आपली परंपरा किती जुनी, आपणही निसर्ग कसा पूजतो, हे परिच्छेद काढून टाकावेत. उत्तराला वेळ लागतो, घरात कोणी गेले असेल तर कामे महिनाभरही थांबतात, तेव्हा तगादा लावू नये. उत्तर ‘यंदा नको’ असे आले तर आभार मानून विषय तिथेच थांबवावा, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कारागिराचा नंबर शोधू नये. मसुद्याला मदत हवी असेल तर आम्ही करू.

आपले,
कोरीवकामाच्या शेडवर मदतीला जाणारे काही मराठी रहिवासी
लोअर मेनलँड, ब्रिटिश कोलंबिया